आज काय बिघडलं?

माझी आत्या कॉलेजात नोकरीला आहे असं कळलं की समोरचा हमखास विचारतो, "वा! कुठला विषय शिकवतात?" आणि ती तोंड उघडायच्या आत माझे बाबा, म्हणजे तिचे सख्खे थोरले भाऊ, उत्तर देऊन मोकळे होतात, "विषय कसला? बटणं दाबते." मग सगळे हसतात. आत्याही हसते, कारण तिचा स्वभावच तसा. मी हसत नाही. अशा वेळी मला बाबांच्या हातातला चहाचा कप काढून घ्यावासा वाटतो.

बटणं ती दाबते हे खोटं नाही. तळमजल्यावर जिन्याखाली एक खोली आहे. पूर्वी तिथे मोडके बाक टाकायचे. आत्याने ती मागून घेतली, भिंतींना जुने गालिचे ठोकले, दाराच्या फटीत फोम कोंबला आणि तिथे रेकॉर्डिंग रूम उभी केली. एक कॅमेरा, दोन दिवे, एक टेबल, वक्त्यासाठी एक खुर्ची. मध्ये काच आणि काचेच्या अलीकडे कानाला हेडफोन लावून आत्या. कॉलेजचे सगळे ऑनलाइन धडे या खोलीत तयार होतात. ती ते चित्रित करते, कापते, जोडते आणि कॉलेजच्या पोर्टलवर चढवते. एकोणीस वर्षं हेच चाललंय. कॉलेजात तिला सगळे 'कात्री' म्हणतात, आणि तिच्या तोंडावर म्हणतात.

मी त्याच कॉलेजच्या कार्यालयात बसते. बैठकांचं इतिवृत्त लिहिणं हे माझं काम. 'सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मान्य करण्यात आले' हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा लिहिलंय की झोपेतही लिहीन. प्रत्यक्षात सविस्तर चर्चा म्हणजे एक जण बोलतो, दोघं मोबाइल बघतात आणि बशीतली बिस्किटं संपतात. असो. सांगायचा मुद्दा असा, की पुढे जे सांगणार आहे त्यातलं अर्धं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय आणि उरलेलं आत्याने भाजी चिरता चिरता सांगितलंय. तिला तिखटमीठ लावायची सवय नाही. ती कसर मी भरून काढते.

आत्याची कामाची एक पद्धत आहे. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी माइकचा आवाज लावून घ्यावा लागतो. त्यासाठी वक्त्याला काहीतरी बोलायला सांगतात. बहुतेक जण "हॅलो, एक दोन तीन" म्हणतात. आत्याला ते चालत नाही. तिचं म्हणणं, एक दोन तीन म्हणताना कुणीच आपल्या खऱ्या आवाजात बोलत नाही. म्हणून ती काचेपलीकडून विचारते, "आज काय बिघडलं?" आणि गंमत अशी, की माणूस कितीही मोठा असो, सकाळपासून काय काय बिघडलं हे सांगायला लागला की त्याचा आवाज आपोआप सुटतो. हात हलायला लागतात. खांदे खाली येतात. आत्या तेवढ्यात आपली बटणं लावून घेते, अंगठा वर करते आणि लाल दिवा लागतो. मग तोच माणूस पुन्हा लाकूड होतो.

लाकूड होण्यात पहिला नंबर आमच्या सरांचा. सर उद्योजकता शिकवतात. वर्गात फळ्यासमोर ते असे काही रंगतात की शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीशी येऊन उभी राहतात. पण कॅमेऱ्यासमोर बसले की पासपोर्टचा फोटो काढायला आल्यासारखे. "उद्योजकता म्हणजे संसाधनांची कल्पक जुळवाजुळव करून मूल्यनिर्मिती करण्याची प्रक्रिया होय." हे वाक्य ऐकून आत्याला स्वतःला दोनदा डुलकी लागली होती. तिनेच कबूल केलंय.

त्यांचा हा ऑनलाइन अभ्यासक्रम कॉलेजची डोकेदुखी झाला होता. गेल्या वर्षी सहाशेवर मुलांनी नावं घातली आणि शेवटपर्यंत पोचली तेवीस. या टर्मच्या सुरुवातीला प्राचार्य मॅडमनी एका बाहेरच्या कंपनीचे तयार धडे घ्यायच्या आदेशावर सही केली. चकचकीत स्टुडिओ, मागे हलणारी चित्रं, सगळं आयतं. पुढच्या टर्मपासून रेकॉर्डिंग रूम बंद, खोली परीक्षा विभागाच्या कागदांना, आणि 'सहायक, दृकश्राव्य' हे पद संपुष्टात. पद म्हणजे आत्या. सरांनी बैठकीत फार अजीजी केली म्हणून एवढंच पदरात पडलं, की ही एक टर्म बघू. नोंदणी केलेल्यांपैकी निम्म्या मुलांनी अभ्यासक्रम पूर्ण केला तर आदेशाचा पुन्हा विचार करू. मी तेही लिहून घेतलं. लिहिताना पेनाची निब कागदात घुसली.

आदेशाची प्रत आत्याला मीच नेऊन दिली. तिने ती वाचली, घडी घातली आणि वायरी गुंडाळायला बसली. तीन दिवस ती वायरी गुंडाळत होती. एवढ्या वायरी त्या खोलीत आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं.

"अगं, काहीतरी बोल ना!" मी म्हणाले.

"काय बोलू? सहाशे चाळीस मुलं आहेत यंदा. तीनशे वीस हवीत. गेल्या साली तेवीस होती. तूच कर वजाबाकी."

वय पंचावन्न, शिक्षण कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापर्यंत, आणि जे काम येतं ते करणारी खोलीच बंद होणार. तिला दुसरीकडे कोण घेणार होतं? आणि ती बाई मला वजाबाकी सांगत होती.

दुसऱ्या आठवड्यात तिच्या हातून चूक झाली. सरांचा दुसरा धडा चढवायचा होता. नेमका त्या दिवशी सभागृहातला प्रोजेक्टर बंद पडला आणि तिला तीनदा वर धावावं लागलं. त्या घाईत धड्याच्या सुरुवातीचा माइक लावतानाचा भाग कापायचा राहिला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. चार मिनिटांचा तो तुकडा तसाच्या तसा पोर्टलवर गेला.

त्या तुकड्यात सर सांगतात, की सकाळी रजेच्या अर्जासाठी पाकीट शोधत होते तेव्हा खणात एक जुनं पाकीट सापडलं. त्यांच्याच कारखान्यातलं. होय, सरांचा पाकिटांचा कारखाना होता! कॉलेजात कुणाला पत्ताही नव्हता. त्यांनी ते पाकीट ओलं करून दाबलं, आणि पाकीट उघडं ते उघडंच. "कधीच चिकटलं नाही हो ते," सर म्हणतात, आणि हसतात. "डिंकच तसला घेतला होता मी. अकरा महिन्यांत कारखाना बंद. एका दवाखान्याने आमच्या पाकिटांतून रोग्यांचे रिपोर्ट पाठवले, ते सगळे उघडे पोचले. अख्ख्या गल्लीला कळलं कुणाला काय झालंय ते. आणि खरी मेख सांगू? दुकानदारांना दाखवायला नमुने न्यायचो ना, ते मी घरी चांगल्या डिंकाने चिकटवून न्यायचो. गिऱ्हाइकाच्या हातात कोरं पाकीट देऊन 'तुम्हीच चिकटवून बघा' असं एकदाही म्हणालो नाही. भीती वाटायची." मग अंगठा वर, लाल दिवा, आणि "उद्योजकता म्हणजे संसाधनांची."

तिसऱ्या दिवशी सर तरातरा जिना उतरून आले. मी तिथेच होते. प्राचार्यांनी मागितलेली आकडेवारी न्यायला गेले होते.

"ताई, हे काय केलंत?" एरवी शांत माणूस, पण कानशिलं लाल झाली होती. "वर्गात शिरलो तर पोरं माझ्याकडे बघून गालात हसतायत. एकाने माझ्या टेबलावर पाकीट ठेवलं. कोरं! आधी तो भाग काढा."

"काढते सर. चूक माझीच आहे. पण काढायच्या आधी एकदा इकडे बघा."

पोर्टलवर प्रत्येक धड्याचा एक आलेख दिसतो. किती मुलं कितव्या मिनिटापर्यंत टिकली ते त्यात कळतं. पहिल्या धड्याची रेघ दुसऱ्या मिनिटालाच खाली बसली होती. या धड्याची रेघ चार मिनिटं सरळ गेली होती. जेवढ्या मुलांनी धडा उघडला होता तेवढी सगळी टिकून होती. उलट मध्ये एका ठिकाणी रेघ वर चढली होती. तिथे मुलांनी मागे जाऊन पुन्हा ऐकलं होतं. नमुन्यांचं वाक्य होतं ते. आणि बरोबर "उद्योजकता म्हणजे" ला रेघ अशी कोसळली होती की सर मागे सरकले.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. रेघ तीच होती.

"म्हणजे सोळा वर्षं मी शिकवतोय," ते हळू म्हणाले, "आणि पोरांनी ऐकलं काय, तर जे मी कधी शिकवलंच नाही ते."

आत्या खुर्ची सारखी करत होती. थोड्या वेळाने सर स्वतःच त्या खुर्चीत जाऊन बसले. "दिवा लावू नका," म्हणाले, "नुसतंच चालू ठेवा." आणि कारखान्याचे अकरा महिने त्यांनी पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत सांगितले. मला कार्यालयात परत जायचं होतं. मी गेले नाही.

आता आत्याची आणखी एक खोड सांगायला हवी. ती काही पुसत नाही. कापलेला प्रत्येक तुकडा, मग तो कितीही फालतू असो, ती तारीख आणि माणसाचा धंदा लिहून ठेवून देते. कपाटात डबेच्या डबे भरलेत. एकोणीस वर्षांत कॉलेजने कितीतरी उद्योजक व्याख्यानाला बोलावले होते. लाल दिवा लागल्यावर त्या सगळ्यांनी जिद्द, चिकाटी आणि गुणवत्ता यांवर भाषणं ठोकली होती. आणि लाल दिव्याच्या आधी त्या सगळ्यांनी आत्याला, आज काय बिघडलं ते सांगितलं होतं.

एका लाँड्रीवाल्या बाईंच्या हातून त्या सकाळी हॉटेलच्या बेचाळीस पांढऱ्या चादरी गुलाबी झाल्या होत्या, एका लाल मोज्यापायी. शाळांचे बाक बनवणाऱ्या सुतारकाकांचे साठ बाक एका बाजूला कलले होते, कारण दोन कारागिरांच्या मोजायच्या दोन फितींमध्ये बोटभर फरक होता आणि दोघंही आपलीच फीत खरी म्हणून भांडत होते. एकीचं ॲप भल्या पहाटे सगळ्या गिऱ्हाइकांना 'आम्ही तुम्हाला विसरलो नाही' असा निरोप अकरा वेळा पाठवून बसलं होतं. आणि प्रत्येकाने पुढे काय केलं तेही सांगितलं होतं. कुणी घरोघर जाऊन माफी मागितली, कुणी मोज्यांसाठी वेगळी टोपली केली, कुणी कारखान्यातल्या सगळ्या फिती गोळा करून एकच वापरात ठेवली.

आत्याने आणि सरांनी ठरवलं की अभ्यासक्रम याच तुकड्यांचा करायचा. पण विचारल्याशिवाय कुणाचं काही लावायचं नाही, असा आत्याचा हट्ट. तिने एकेकाला फोन लावला. लाँड्रीवाल्या बाई म्हणाल्या, "लावा की! फक्त चादरी बेचाळीस नव्हत्या, अठ्ठेचाळीस होत्या. तेव्हा लाजेने सहा कमी सांगितल्या." सुतारकाकांनी विचारलं की मुलांना फीत बघायची असेल तर ती चुकीची फीत अजून भिंतीवर टांगलेली आहे, पाठवू का. एका बड्या कारखानदारांनी मात्र फोनवरच आवाज चढवला. त्यांचा तुकडा आत्याने त्यांना फोनवर ठेवूनच पुसला. तिने पुसलेली ही पहिली गोष्ट.

पण नुसतं ऐकून कोण धंदा शिकतं, हा सरांचा प्रश्न होता. उत्तर आत्याने काढलं आणि ते ऐकून सरांच्या तोंडचं पाणी पळालं. प्रत्येक मुलाने खऱ्या गिऱ्हाइकाकडे जायचं. काहीही विकायचं, दुरुस्त करून द्यायचं, पोचवायचं. मग मोबाइलवर एक मिनिट बोलून पाठवायचं, की काय बिघडलं. जमलं ते नाही सांगायचं, बिघडलं तेच. नाव घालायचं नाही, फक्त क्रमांक. मिनिट आत्या स्वतः ऐकणार. खरं वाटलं तर पुढचा धडा उघडणार. भाषण वाटलं तर 'पुन्हा' लिहून परत.

"ताई, मुलं पळून जातील!"

"पळालेलीच आहेत सर. आता आणखी कुठे जातील?"

पहिल्या आठवड्यात तीनशेवर मिनिटं आली आणि आत्याने त्यातली दोनशे परत पाठवली. 'आव्हानांना सामोरे जाताना' असं कुणी म्हटलं की ती तिथेच थांबवायची. कार्यालयात तक्रारी आल्या. मुलं चिडली. एकाने लिहिलं, ही बटणवाली बाई कोण लागून गेली आम्हाला नापास करणारी? ती तक्रार मी फाडली. ते बरोबर नव्हतं, पण फाडली.

मग हळूहळू खरी मिनिटं यायला लागली. एक मुलगी म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांचे मोबाइल साफ करून द्यायची, अडगळ काढायची, जागा रिकामी करायची. एका आजींच्या फोनमधले एकाच खिडकीचे सहाशे धूसर फोटो तिने उडवून टाकले आणि मोठ्या तोऱ्यात फोन परत दिला. आजी रडायला लागल्या. त्या रोज सकाळी उठल्याचा पुरावा म्हणून लांबच्या बहिणीला खिडकीचा फोटो पाठवायच्या आणि ते सगळे जपून ठेवायच्या. फोटो फोनच्या कचरापेटीत होते म्हणून परत मिळाले. मुलीचं मिनिट संपताना तिचा आवाज चिरकला होता: "मी काय काढू ते विचारलं होतं. काय काढू नको ते विचारलंच नाही." आत्याने त्यावर 'ऐकलं' असं लिहिलं आणि पुढचा धडा उघडला. दोन महिन्यांत त्या मुलीकडे सत्तर घरं झाली. आता ती दारात पाऊल ठेवल्या ठेवल्या आधी विचारते, हात कशाला लावायचा नाही?

अशी मिनिटं आत्या दिवसभर ऐकायची. जेवताना एका कानात हेडफोन. तिच्या चेहऱ्यावर इतकं तेज मी कधी पाहिलं नव्हतं. मी विचारायचे, "किती झाले पूर्ण?" ती म्हणायची, "मोजत नाही. ऐकते." मी मात्र रोज मोजत होते. शंभर झाले, एकशे ऐंशी झाले, अडीचशेवर चार दिवस अडकले तेव्हा मला अन्न गोड लागेना.

टर्मच्या शेवटच्या दिवशी दुपारी अडीचला समितीची बैठक लागली. प्राचार्य मॅडम, सर, समितीचे चार सदस्य आणि कोपऱ्यात मी. आत्यालाही बोलावलं होतं, पण पडद्यावर आकडे दाखवायला. ती प्रोजेक्टरशेजारी उभी राहिली. तिला बसायला कुणी सांगितलं नाही आणि मी मनातल्या मनात चौघांना शिव्या घातल्या.

पडद्यावर आकडा आला. पूर्ण केलेले विद्यार्थी, चारशे बहात्तर.

माझ्या हातातून पेन पडलं. सरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तीनशे वीस हवे होते आणि झाले होते चारशे बहात्तर! मी टेबलाखाली आनंदाने पाय आपटले, अगदी लहान मुलीसारखे.

तेवढ्यात समितीतले सगळ्यात ज्येष्ठ सदस्य खाकरले. हे गृहस्थ बैठकीत सहसा बिस्किटांपुरतेच असतात, पण त्या दिवशी त्यांनी यादी वाचली होती. "एक मिनिट. कॉलेजच्या दप्तरात नोंदणी सहाशे चाळीस. आणि या यादीत क्रमांक आहेत सहाशे एक्केचाळीस. हा सहाशे एक्केचाळीसवा कोण? मला स्पष्ट बोलायची सवय आहे. एक आकडा घुसवला, तर बाकीचे किती घुसवलेत? सगळी मिनिटं ऐकणाऱ्याही याच आणि पास करणाऱ्याही याच. नोकरी जायची वेळ आली की माणूस काहीही करतो."

सर उठून म्हणाले, "ताई, सांगा ना, कोण आहे हा विद्यार्थी?"

आत्या म्हणाली, "क्रमांकामागचं नाव सांगायचं नाही असं मी मुलांना कबूल केलंय."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?" ज्येष्ठ सदस्य.

"आहे."

"आणि सांगणार नाही?"

"नाही."

"मग माझ्या मते ही सगळी आकडेवारी बाद धरावी आणि आदेश कायम करावा," ते म्हणाले, आणि शेजारच्या दोघांनी माना डोलावल्या. मला रडू फुटायच्या बेतात होतं. एक नाव सांगितलं असतं तर सुटली असती! मी तिच्याकडे बघून डोळे मोठे केले. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती ताठ उभी होती.

"सहाशे एक्केचाळीस म्हणजे मी," प्राचार्य मॅडम म्हणाल्या.

ज्येष्ठ सदस्यांच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. हे मी इतिवृत्तात लिहिलेलं नाही.

मॅडमनी पाण्याचा घोट घेतला. "काय चाललंय ते तपासायला मी स्वतःचं नाव घातलं. दोन धडे पाहिले. तिसरा उघडेना. प्राचार्य असून उघडेना. मिनिट पाठवा म्हणे. पाठवलं. यांनी ते परत केलं. वर लिहिलं होतं, 'हे भाषण झालं. पुन्हा.'" त्या आत्याकडे वळल्या. "माझा आवाज ओळखला नव्हता का तुम्ही?"

"पहिल्या शब्दाला ओळखला मॅडम. नऊ वर्षं तुमचा माइक मीच लावते."

"मी आदेश काढलाय, माझ्या हातात तुमची नोकरी आहे, हे माहीत होतं?"

"होतं."

"तरी परत पाठवलंत?"

"भाषणच होतं ते," आत्या म्हणाली. "दोनशे पोरांना परत पाठवून तुम्हाला कशी सोडू?"

सर हसले. मग एक सदस्य हसला, मग दुसरा. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "माझं दुसरं मिनिट लावा इथे. सगळ्यांना ऐकू दे."

"मी नाही लावणार. ते तुमचं आहे. तुम्हाला सांगायचं तर तुम्ही सांगा."

मॅडम उठून उभ्या राहिल्या. नऊ वर्षांत मी त्यांची शंभर भाषणं टिपून घेतली असतील. ही बाई अशी बोलू शकते हे मला माहीतच नव्हतं. "बिघडलं ते असं," त्या म्हणाल्या, "की मी तयार धड्यांच्या आदेशावर सही केली तेव्हा त्यातला एकही धडा ऐकला नव्हता. माहितीपत्रक गुळगुळीत होतं. आणि आमच्या खालच्या खोलीतला तरी ऐकला होता का? तोही नाही. दोन्ही न ऐकता मी एक निवडला आणि एक बंद केला. विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी त्याला नापास केलं असतं." "गेल्या आठवड्यात मी त्या कंपनीचे सगळे धडे ऐकायला बसले. सहाव्या मिनिटाला बंद केले. तुमचे आठही पुरे ऐकले."

त्यांनी फायलीतून आदेश काढला, त्यावर आडवी रेघ मारली, 'रद्द' लिहिलं, सही केली. मग खाली आणखी एक ओळ लिहून कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, मोठ्याने वाच. मी वाचलं. उद्योजकता अभ्यासक्रमाचे शिक्षक म्हणून यापुढे सरांच्या बरोबरीने आत्याचं नाव राहील.

"पण त्यांची पदवी?" ज्येष्ठ सदस्यांनी चहातून बिस्किट काढता काढता विचारलं.

"चारशे बहात्तर जणांना शिकवलंय त्यांनी," मॅडम म्हणाल्या, "त्यात मीही आले. तुम्ही नाव घाला पुढच्या टर्मला. तिसरा धडा उघडतो का बघा."

मी इतिवृत्ताची वही बाजूला ठेवली आणि उभी राहून टाळ्या वाजवल्या. बैठकीत कुणी टाळ्या वाजवत नाही. सरांनी वाजवल्या, मग मॅडमनी, मग राहिलेल्यांना वाजवाव्याच लागल्या. आत्या रडत होती. पुसायला रुमाल सापडेना म्हणून प्रोजेक्टर पुसायचं कापड डोळ्यांना लावत होती, आणि मी माझ्या आयुष्यात कुणाचा इतका अभिमान बाळगलेला नाही.

"पुरे आता," ती नाक ओढत म्हणाली. "चार वाजता लाँड्रीवाल्या बाई येणार आहेत. मला दिवे लावायचेत." आणि ती दुसऱ्या मजल्यावरून जिना उतरून खाली गेली.